घोडीचं सॅम्पल, औषधांची वही आणि बिलातली एक ओळ

शर्यत जिंकलेला घोडा लगेच मालकाच्या हाती लागत नाही. फोटो होतो, जॉकी खोगीर उतरवून वजनकाट्याकडे जातो आणि घोड्याच्या बाजूनं शर्यती भरवणाऱ्या क्लबचा एक माणूस चालू लागतो. तेव्हापासून नमुना घेऊन होईपर्यंत तो घोडा क्लबच्या नजरेखाली असतो. अंगावर पाणी मारायचं, फिरवून थंड करायचं, प्यायला पाणी द्यायचं, सगळं क्लबच्या जागेत आणि क्लबच्या बादलीनं. मग त्याला सॅम्पलिंगच्या बॉक्समध्ये नेतात. आत स्वच्छ पेंढा असतो, मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा माणूस, लगाम धरून उभा असतो आणि लांब दांड्याला भांडं लावलेला एक माणूस कोपऱ्यात हळू आवाजात शीळ घालत असतो. ती शीळ ऐकून घोडा लघवी करतो, कारण तबेल्यात त्याला लहानपणापासून तशी सवय लावलेली असते. बराच वेळ वाट पाहूनही त्यानं केली नाही, तर रक्त घेतात.

लघवी दोन बाटल्यांत विभागतात, ‘ए’ आणि ‘बी’. बाटल्यांवर घोड्याचं नाव नसतं, फक्त क्रमांक असतो. सील सगळ्यांसमोर लागतं. त्यापूर्वी घोड्याची ओळख त्याच्या कागदांवरून आणि अंगावरच्या खुणांवरून ताडून पाहतात. ट्रेनरच्या वतीनं जो हजर असेल तो सही करतो की हे सगळं माझ्यासमोर झालं. आमच्या वेळी ती सही मोतद्दारानं केली. मी कठड्याबाहेर उभी होते. पेन धरताना त्याचा हात थरथरत होता, कारण त्याची घोडी जिंकली होती आणि त्याला रडू आवरत नव्हतं.

घोडी आमच्या सहाजणांची होती. माझ्या मावसभावानं, दादानं, ओळखीच्या काहीजणांना जमवून तिच्यात वाटे घेतले होते. मी व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, त्यामुळे हिशेब आपोआप माझ्याकडे आला. ट्रेनरचं महिन्याचं बिल, नालबंदाचे पैसे, पशुवैद्याचं बिल, प्रवेश फी, सगळ्याची फाईल मी ठेवत होते. तबेल्यात तिला चिमणी म्हणत. रेसबुकात छापलेलं नाव, ट्रेनर आणि क्लब यांची नावं मी इथे देत नाही. ज्याला शिक्षा व्हायची होती ती झाली आहे, आणि त्या तबेल्यावर इतर बऱ्याच माणसांची पोटं अवलंबून आहेत.

बक्षिसाची रक्कम लगेच हातात पडत नाही, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत ती राखून ठेवतात. आपल्याकडे घोड्यांचे नमुने तपासण्याचं काम दिल्लीतली राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा करते. खेळाडूंचे नमुने तपासणारी तीच संस्था. आम्ही त्या पैशांची वाट पाहत होतो आणि आला ट्रेनरचा फोन. ‘मॅडम, ए सॅम्पल पॉझिटिव्ह आहे. फ्लुनिक्सिन. काळजी करू नका, काहीतरी कंटॅमिनेशन असणार.’

फ्लुनिक्सिन हे दाह आणि वेदना कमी करणारं औषध आहे. घोड्याच्या पोटात कळ आली की पशुवैद्य हमखास तेच टोचतात. ते बेकायदा नाही, लपूनछपून आणावं लागत नाही, कुठल्याही तबेल्याच्या औषधांच्या कपाटात सापडेल. मला पहिल्यांदा वाटलं, एवढंच ना? डोपिंग म्हटल्यावर माझ्या डोक्यात घोड्याला वारं लागल्यासारखं पळवणारी इंजेक्शनं होती. हे तर साधं दुखण्यावरचं औषध.

मग मी नियम वाचायला बसले. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा एक करार आहे. त्याचं सहावं कलम निषिद्ध पदार्थांबद्दल आहे आणि जगभरचे क्लब कमीअधिक फरकानं तेच पाळतात. त्यात औषधांची लांबलचक यादी असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात व्याख्या शरीरावरून केली आहे. मज्जासंस्था, हृदय, श्वसन, पचन, रक्त, स्नायू आणि हाडं, अंतःस्रावी ग्रंथी, यांपैकी कशावरही परिणाम करू शकेल असा पदार्थ शर्यतीच्या दिवशी घोड्याच्या अंगात नको. मोजक्या पदार्थांना मर्यादा ठरवून दिली आहे, कारण ते चाऱ्यातून किंवा शरीरातूनच थोडेफार येतात. कोकोतलं थिओब्रोमिन लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये 2 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, कोबाल्ट 0.1 मायक्रोग्रॅमपर्यंत. खाण्याचा सोडा पाजून घोड्याचा दम वाढवण्याची जुनी युक्ती पकडण्यासाठी रक्तातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडला लिटरमागे 36 मिलिमोलची मर्यादा आहे. फ्लुनिक्सिनला अशी कुठलीच सूट नाही.

आणि जबाबदारी ट्रेनरची. त्यानं दिलं का, कुणी दिलं, मुद्दाम की चुकून, हे प्रश्न शिक्षा किती द्यायची यासाठी विचारतात. घोडी अपात्र ठरवायला तिच्या अंगात औषध सापडलं एवढंच पुरतं.

आम्ही सगळेच त्या ‘कंटॅमिनेशन’ शब्दाला चिकटून बसलो. त्याला कारणही होतं. निरपराध माणसं यात अडकलेली आहेत, हे खरंच आहे. 2014 साली इंग्लंडच्या राणीच्या एस्टिमेट नावाच्या घोडीच्या नमुन्यात मॉर्फिन सापडलं. अॅस्कॉटच्या गोल्ड कपमध्ये ती दुसरी आली होती. मूळ होतं खाद्यात, अफूच्या झाडाचा अंश मिसळलेल्या खाद्यात. राणीची घोडी म्हणून नियम वाकला नाही, ती अपात्र ठरली. 2020 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या आर्क शर्यतीच्या आदल्या दिवशी आयर्लंडचे ट्रेनर एडन ओब्रायन यांना आपले सगळे घोडे मागे घ्यावे लागले, कारण त्यांच्या खाद्यात झिल्पाटेरॉल, म्हणजे गुरांचं मांस वाढवायला देतात ते औषध, मिसळल्याचा संशय होता. जपानचा महान घोडा डीप इम्पॅक्ट 2006 साली त्याच शर्यतीत तिसरा आला आणि श्वासाच्या औषधाचा अंश सापडल्यामुळे निकालातून पुसला गेला.

मला सर्वांत जवळचं वाटलं ते धोतऱ्याचं. अमेरिकेत 2018 साली जस्टिफाय नावाच्या घोड्याच्या नमुन्यात स्कोपोलामिन सापडलं होतं, धोतऱ्यात असतं ते. पुढे तो तिथली ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन मोठ्या शर्यती, जिंकला, आणि ते प्रकरण तिथल्या घोडदौड मंडळानं गुपचूप मिटवल्याचं 2019 मध्ये बाहेर आलं. बचाव असा होता की वाळलेल्या गवतात धोतऱ्याच्या जातीचं रान उगवलेलं होतं. आपल्याकडे बांधाबांधावर धोतरा आहे. लसूणघासाच्या भाऱ्यात एखादी फांदी सहज येईल. पण धोतऱ्यात फ्लुनिक्सिन नसतं, ते कारखान्यात बनवलेलं औषध आहे. ही गोष्ट मला दादाला पुन्हा पुन्हा सांगावी लागली, कारण तो गवतवाल्याला फोन लावून बसला होता.

तरी एक वाट उघडी होती, आणि ती खोटी नव्हती. फ्लुनिक्सिन लघवीतून बाहेर पडतं. घोडा तोच ओला पेंढा खातो, औषध पुन्हा पोटात जातं, आणि औषध बंद होऊन बरेच दिवस झाले तरी नमुन्यात दिसत राहतं. हे पशुवैद्यकात नोंदलेलं आहे. माणसांच्या औषधांचंही तसंच. मोतद्दार कंबरदुखीची गोळी घेतो, रात्री बॉक्सच्या कोपऱ्यातच मोकळा होतो, आणि ती गोळी घोड्याच्या लघवीत सापडते. इंग्लंडमध्ये तबेल्यांना या गोष्टीबद्दल सक्त ताकीद दिलेली असते. आपल्याकडे मोतद्दारांसाठी तबेल्याजवळ धड स्वच्छतागृह नसेल, तर ताकीद देऊन काय होणार, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

दरम्यान क्लबची सुरक्षा तुकडी तबेल्यात येऊन गेली होती. आधी न कळवता येतात ते, आणि तसंच यायला हवं. त्यांनी चंदी, घास, पेंढा, पाण्याची हौद, सगळ्याचे नमुने घेतले. औषधांचं कपाट उघडून प्रत्येक कुपीचा फोटो काढला. वापरलेल्या सुया आणि सिरिंजा पिशवीत सील केल्या. आणि औषधोपचारांची वही ताब्यात घेतली. कुठल्या घोड्याला, कुठल्या तारखेला, काय, किती, कुणी दिलं, हे त्या वहीत लिहायचं असतं. चिमणीच्या नावापुढे एकच नोंद होती: पोटदुखी, फ्लुनिक्सिन, तारीख शर्यतीच्या दोनेक आठवडे आधीची.

दोन आठवडे म्हणजे पुष्कळ अंतर. युरोपातल्या घोडदौड प्रयोगशाळांनी फ्लुनिक्सिन सापडण्याचा काळ 144 तास, म्हणजे सहा दिवस, दिला आहे. त्याच जातीच्या फेनिलब्युटाझोनसाठी 168 तास. हे आकडे थोड्या घोड्यांवर ठरावीक मात्रेत औषध देऊन मोजलेले असतात, त्यामुळे सुज्ञ पशुवैद्य त्यावर आणखी काही दिवस जोडूनच घोडा उतरवायला सांगतो. ही मोजणी धरली तर वहीप्रमाणे आमची घोडी स्वच्छ असायला हवी होती. म्हणून ओल्या पेंढ्याचा मुद्दा पक्का धरायचा असं ठरलं. ट्रेनरनं वकिलाशी बोलणंही सुरू केलं.

फेरतपासणीसाठी ‘बी’ नमुना उघडायचा की नाही हे आम्हाला ठरवायचं होतं. क्लब मान्यताप्राप्त परदेशी प्रयोगशाळांची यादी देतो. हाँगकाँग, पॅरिसजवळची, न्यूमार्केटजवळची, अशा मोठ्या प्रयोगशाळा या कामासाठी जगभर मानल्या जातात. खर्च आपला. ‘ए’ आणि ‘बी’ यांचे निकाल वेगळे येणं फार दुर्मीळ, हे मला कळत होतं. तरी मी हो म्हणाले. बाटली आपलीच होती का, सील शाबूत होतं का, क्रमांक जुळतो का, हे दुसऱ्या देशातल्या, आपल्याला न ओळखणाऱ्या माणसानं पाहिलेलं बरं. त्याच एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं असतं. भारतात हे प्रश्न किती टोकाला जाऊ शकतात ते बंगळुरूत दिसलं आहे. तिथे 2017 मध्ये क्वीन लतीफा या घोडीच्या नमुन्यात प्रोकेन हे बधिर करणारं औषध सापडल्याचं प्रकरण पोलिस तपासापर्यंत गेलं होतं.

निकाल येईपर्यंत चिमणीला कुठल्याही शर्यतीत उतरवायचं नव्हतं. त्या काळात मी चौकशीसाठी फाईल लावायला घेतली. खर्चाचे कागद तारखेनुसार लावणं माझ्या हाताला सवयीचं आहे. ट्रेनरच्या मासिक बिलाला पशुवैद्याचं बिल जोडलेलं असतं, आणि त्यात एकेक भेट, एकेक औषध वेगळं लिहिलेलं असतं. त्या महिन्याच्या बिलात फ्लुनिक्सिन दोनदा होतं. पहिली ओळ वहीतल्या तारखेची. दुसरी शर्यतीच्या तीन दिवस आधीची.

मी ते बिल शर्यतीनंतर पंधरवड्यानं भरलं होतं, रकमा जुळवून. तेव्हा फ्लुनिक्सिन हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, आणि पशुवैद्याच्या बिलात औषध असणं यात विशेष ते काय. आता ती ओळ वाचताना मला कानशिलं तापल्यासारखी झाली. तारीख लिहिण्यात चूक असेल म्हणून मी पशुवैद्यांना फोन केला. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाले, ‘उजव्या पुढच्या पायाला गरम लागत होतं म्हणून बोलावलं होतं. मी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की रेसमधून काढा, पाय स्कॅन करून घ्या. वहीत लिहायचं काम तबेल्याचं.’ मी विचारलं, हे लेखी द्याल का? त्यावर मात्र ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘बोलावलं तर येईन.’

मग आम्ही सहाजण दादाच्या घरी बसलो. त्या बैठकीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण शर्यतींतला अप्रामाणिकपणा म्हटलं की आपण बुकी, मुद्दाम घोडा मागे ठेवणारा जॉकी, काळोखात सुई मारणारा माणूस यांच्याकडे बोट दाखवतो. तसली माणसं आहेतच. 2013 साली इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला गोडॉल्फिन या दुबईच्या राज्यकर्त्याच्या तबेल्यातल्या घोड्यांत स्टेरॉइड्स सापडली आणि ट्रेनर महमूद अल झरूनी याला आठ वर्षांची बंदी झाली. 2020 साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी जेसन सर्व्हिस, जॉर्ज नवारो या ट्रेनरांसह बऱ्याच जणांवर खटले भरले, आणि दोघेही पुढे तुरुंगात गेले. पण आमच्या त्या खोलीत असलं कुणी नव्हतं. एक दंतवैद्य, एक निवृत्त शिक्षक, दोघं व्यापारी, दादा आणि मी. सगळी सरळ माणसं. आणि त्यातल्या चौघांचं म्हणणं होतं की बिल फाईलमध्येच राहू दे.

‘क्लबनं मागितलंय का?’ एकानं विचारलं. नव्हतं मागितलं. क्लबकडे वही होती, आणि वहीप्रमाणे ओल्या पेंढ्याचा बचाव टिकू शकत होता. तो टिकला असता तर घोडी तरीही अपात्रच ठरली असती, पण ट्रेनरला किरकोळ दंड होऊन सुटका झाली असती, आमच्या नावाला डाग नसता. दादा म्हणाला, ‘अगं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा का? आणि त्या बिचाऱ्याचं लायसन्स जाईल.’

मी म्हणाले, बिचारी ती घोडी. तिचा पाय दुखत होता हे ज्याला माहीत होतं त्यानंच तिला ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं पळायला लावलं. पावणेपाचशे किलोचं जनावर, एका क्षणी सगळा भार एका पायावर, आणि वर पन्नास-पंचावन्न किलोचा पोरगा. दाताला भूल दिल्यावर जीभ चावली तरी कळत नाही, तसा तिचा पाय इजा सोसत होता आणि तिला कळत नव्हतं. पाय मोडला असता तर ती गेली असती. तिच्याबरोबर वरचाही गेला असता, किंवा मागून येणारे चारजण तिच्यावर आदळले असते. मला तेव्हाच उमगलं की या साध्या औषधाला सूट का नाही. घोड्याला जोर देणाऱ्या औषधापेक्षा त्याचं दुखणं गप्प करणारं औषध जास्त भयंकर आहे, कारण थांबायला सांगणारी एकच गोष्ट त्या मुक्या जनावराकडे असते, आणि आपण तीच काढून घेतो.

मी बिलाची प्रत क्लबला देणार, मग बाकीच्यांचं काहीही ठरो, असं मी सांगितलं. शिक्षकांनी मान हलवली. बाकीचे रागावले, एकजण उठून गेला. दादा बराच वेळ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला की किती वाजता निघायचं ते सांग, मी गाडी घेऊन येतो.

परदेशातून ‘बी’चा निकाल आला. सील शाबूत, क्रमांक बरोबर, फ्लुनिक्सिन आहे.

चौकशीची खोली मला कोर्टासारखी वाटेल अशी समजूत होती. प्रत्यक्षात लांब टेबल, एका बाजूला स्टुअर्ड, म्हणजे शर्यतींचे पंच, त्यांच्याजवळ क्लबच्या नोकरीतले पगारी स्टुअर्ड आणि क्लबचे पशुवैद्यकीय अधिकारी, भिंतीवर पडदा, आणि सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होत असल्याची सुरुवातीलाच दिलेली सूचना. प्रथम प्रयोगशाळेचे अहवाल वाचले. मग शर्यतीची फिल्म लावली. ती आम्ही आनंदानं कितीतरी वेळा पाहिली होती. आता अधिकाऱ्यांनी शेवटचा तुकडा संथ करून दाखवला. सरळ रेषेत आल्यावर चिमणी आत ओढत होती, उजवा पाय पुढे टाकायचं टाळून पुन्हा पुन्हा डावा पुढे करत होती. जॉकीला बोलावलं. त्यानं सांगितलं की दोनशे मीटरपासून तिला सरळ ठेवायला जोर लागत होता, पण ती थांबायला तयार नव्हती. पोराचं वय माझ्या भाच्याएवढं. तिच्या पायाबद्दल त्याला कुणी काहीही सांगितलेलं नव्हतं.

ट्रेनरनं ओल्या पेंढ्याचा मुद्दा मांडला. मग पगारी स्टुअर्डनं माझ्याकडून आलेलं बिल त्याच्यासमोर ठेवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरं तर थकवा होता. तो म्हणाला की सूज सकाळी उतरली होती, घोडी चालायला मोकळी होती, हंगाम संपत आला होता, हँडिकॅपमध्ये, म्हणजे घोड्याच्या कुवतीनुसार वजन ठरवतात त्या शर्यतीत, इतकं कमी वजन तिला पुन्हा मिळालं नसतं. हे सगळं खरं होतं. नाव मागे घ्यायचं तर कारण द्यावं लागतं, पशुवैद्याचा दाखला लागतो, मालकांचे फोन येतात. पशुवैद्यही आले होते. त्यांनी दिलेला शब्द पाळला.

शेवटी मोतद्दाराला आत बोलावलं. घोड्यापाशी रात्रंदिवस असणारा माणूस हा. पायाला हात लावून गरम आहे की नाही हे ट्रेनरच्या आधी त्याला कळतं. खाणं सुटलं, लीद बदलली, डोळा उतरला, सगळं त्याला माहीत. आणि औषधांच्या वहीत त्याच्या सहीला जागा नाही. त्याची सही फक्त सॅम्पलिंगच्या कागदावर होती, म्हणजे पकडलं जाण्याच्या क्षणाला साक्षीदार तो, आणि त्याआधीच्या कशालाही नाही. त्याला विचारलं, पायाचं तुला कळलं होतं का? त्यानं आधी ट्रेनरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, ‘पाय गरम होता, साहेब. मी जमादाराला सांगितलं होतं. म्हणाले, तू तुझं काम कर.’ जमादार म्हणजे तबेल्यातल्या मोतद्दारांचा मुकादम. एवढं बोलायला त्याला किती धीर लागला असेल याचा अंदाज मला त्याच्या कपाळावरच्या घामावरून आला. त्याची नोकरी, राहण्याची खोली, गावी पाठवायचे पैसे, सगळं समोरच्या खुर्चीतल्या माणसाच्या हातात होतं.

निकाल त्याच दिवशी सांगितला. चिमणी अपात्र, पहिलं बक्षीस दुसऱ्या आलेल्या घोड्याला, ट्रेनरचा परवाना काही काळ स्थगित आणि दंड. वही अपुरी ठेवल्याचा दंड वेगळा. अपील करायची मुदत होती, त्यानं अपील केलं नाही. मालकांवर ठपका नव्हता.

ज्यांना या सगळ्यात काहीच मिळालं नाही ते म्हणजे पैसे लावणारे. शर्यतीनंतर निकाल पक्का जाहीर झाला की टोट, म्हणजे क्लबची पैज लावायची खिडकी, आणि बुकी पैसे देऊन मोकळे होतात. महिन्यांनंतर घोडी अपात्र ठरली म्हणून ते पैसे परत फिरत नाहीत. दुसऱ्या आलेल्या घोड्यावर ज्यानं हजार रुपये लावले होते त्याचं तिकीट त्याच दिवशी जमिनीवर पडलं, आणि ते तिकीट खरं तर जिंकलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि तिला जुगारापासून वेगळं काढलं. पैसे लावणारा पंटर घोड्याचा वंश, वजन, अंतर, सकाळचा गॅलप यांचा अभ्यास करतो म्हणून. पण पायाला गरम लागत होतं आणि तीन दिवसांपूर्वी सुई टोचली होती, हे ज्याच्यापासून लपवलं, त्यानं कशाच्या जोरावर अभ्यास करायचा? ही फसवणूक कुठल्याही निकालपत्रात मोजली जात नाही आणि मला ती सर्वांत मोठी वाटते.

बक्षिसाचा कप मी आणि दादा दुसऱ्या घोड्याच्या मालकांकडे घेऊन गेलो. त्यांनी चहा पाजला. आम्ही जास्त बोललो नाही.

चिमणीच्या पायाचं स्कॅन आम्ही दुसऱ्या पशुवैद्याकडून करून घेतलं. नळीच्या मागच्या टेंडनमध्ये, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरासारख्या भागात, मधोमध फाटल्याची जागा स्पष्ट दिसत होती. पशुवैद्य म्हणाले, टेंडन भरून यायला वर्षभर धरा, आणि भरलं तरी ते पूर्वीसारखं लवचिक होत नाही. पुन्हा शर्यतीत उतरवायचं नाही असं आम्ही ठरवलं, या वेळी एकमतानं. ती आता एका स्टडवर, घोड्यांची पैदास करतात तिथे, मोकळ्या कुरणात असते आणि गाभण आहे. मोतद्दारानं तो तबेला सोडला. त्यानं स्वतः सोडला की त्याला सोडायला लावलं हे तो सांगत नाही. दादानं शब्द टाकून त्याला दुसऱ्या तबेल्यात काम मिळवून दिलं.

सहातले आम्ही चौघं उरलो. तेवढ्यांनी मिळून नवं शिंगरू घेतलं तेव्हा मी एक कागद तयार केला. औषधांच्या वहीच्या पानाचा फोटो दर आठवड्याला मालकांना पाठवायचा. प्रत्येक नोंदीखाली पशुवैद्याबरोबर मोतद्दाराची सही. पशुवैद्याचं बिल ट्रेनरमार्फत न येता थेट आमच्याकडे. आणि पशुवैद्यानं घोडा काढा म्हटलं तर मालकांना न विचारता काढायचा, त्या शर्यतीची प्रवेश फी आणि बाकी सगळा तोटा आमचा. ज्या ट्रेनरला आधी दाखवला त्यानं कागद वाचून परत केला. म्हणाला, माझ्यावर विश्वास नसेल तर घोडा दुसरीकडे न्या. मी त्याला विश्वासाबद्दल काही बोलले नाही, कागद उचलला आणि निघाले. दुसऱ्यानं दोन अटींवर प्रश्न विचारले, मोतद्दाराच्या सहीसाठी वहीत नवा रकाना आखून घेतला आणि संध्याकाळी पहिल्या पानाचा फोटो पाठवला. शिंगरू त्याच्याकडे आहे.